मज्जारज्जूच्या इजेनंतर पुन्हा चालणे: अंथरुणापासून उंबरठ्यापर्यंतच्या पायऱ्या

मणक्याचे ऑपरेशन होऊन तीन-चार दिवस झाले की रुग्णाचे वडील किंवा भाऊ मला वॉर्डाच्या दारातच गाठतात आणि विचारतात, "मॅडम, चालेल ना हो तो?" इतकी वर्षे फिजिओथेरपीचे काम केल्यावर मी आता त्यांनाच उलट विचारते, की चालणे म्हणजे तुमच्या मनात नेमके काय आहे. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत वॉकर धरून जाणे, कॅलिपर (पाय सरळ धरून ठेवणारा पट्ट्यांचा आधार) घालून दिवसातून अर्धा तास व्यायामापुरते उभे राहून पावले टाकणे आणि बाजारातून भाजीची पिशवी घेऊन घरी येणे, या तिन्हींना आपण चालणेच म्हणतो. पण त्यांना लागणारे स्नायू, श्रम आणि महिने अगदी वेगवेगळे असतात. यांपैकी कोणते चालणे आपल्या माणसाच्या आवाक्यात आहे हे ओळखून मेहनत केली तर ती कारणी लागते. नाहीतर पहिले वर्ष, जे सर्वांत मोलाचे असते, ते एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे फिरण्यात जाते.

झाडावरून, गच्चीवरून किंवा विहिरीत पडून, अथवा रस्त्यावरच्या अपघातात मज्जारज्जूला मार बसलेला माणूस ज्यांच्या घरात नुकताच आला आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पुढे सांगितलेले काहीही आपल्या डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय सुरू करू नये. त्यांना काय विचारावे आणि गोष्टी कोणत्या क्रमाने घडतात, हे कळावे एवढ्यासाठीच तो लिहिला आहे.

आधी तपासणीचा कागद समजून घ्या

मणका मोडणे आणि मणक्यांच्या आतून जाणाऱ्या मज्जारज्जूला इजा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑपरेशनमध्ये रॉड आणि स्क्रू घालून मणके स्थिर करतात आणि मज्जारज्जूवरचा दाब काढतात. त्यामुळे इजा झालेला मज्जारज्जू पुन्हा जोडला जातो असे नाही. "एक्स-रे तर चांगला आला, मग पाय का हलत नाहीत?" या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. मज्जारज्जू मानेपासून खाली येत कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि तिथून पुढे घोड्याच्या शेपटीसारखा मज्जातंतूंचा झुबका उतरतो. म्हणून वरच्या भागातील इजेत पाय काही आठवड्यांनी ताठरू लागतात, झटके मारतात, आणि अगदी खालच्या इजेत ते सैल, लुळे राहतात. दोन्हींचा व्यायाम सारखा नसतो. शेजारच्या गावातील एखाद्याला जे लागू पडले तेच आपल्याकडे करण्याची घाई म्हणूनच नको.

डॉक्टरांकडे आग्रहाने मागायची गोष्ट म्हणजे 'एशिया' (अमेरिकन स्पायनल इंज्युरी असोसिएशन या संस्थेच्या नावाची आद्याक्षरे) श्रेणीचा तपासणीचा तक्ता. या तपासणीत शरीराच्या प्रत्येक बाजूला २८ ठिकाणी कापसाचा हलका स्पर्श आणि टाचणीचे टोक कळते का ते पाहतात, आणि प्रत्येक बाजूच्या १० प्रमुख स्नायूंना ० ते ५ असे गुण देतात. ० म्हणजे काहीच हालचाल नाही, ३ म्हणजे पायाचे स्वतःचे वजन उचलण्याइतकी ताकद, आणि ५ म्हणजे नेहमीसारखी ताकद. यावरून 'ए' ते 'ई' अशी श्रेणी ठरते. 'ए' श्रेणीत मज्जारज्जूच्या सर्वांत खालच्या भागापर्यंत, म्हणजे गुदद्वाराभोवती, स्पर्शही नसतो आणि हालचालही नसते. 'बी' मध्ये तिथली संवेदना शिल्लक असते, हालचाल नसते. 'सी' आणि 'डी' मध्ये हालचाल असते, मात्र 'सी' मध्ये इजेखालच्या निम्म्याहून जास्त स्नायूंना ३ पेक्षा कमी गुण असतात आणि 'डी' मध्ये निम्मे किंवा अधिक स्नायू ३ किंवा त्याच्या वर असतात. 'ई' म्हणजे तपासणीत सर्व काही पूर्ववत. गुदद्वाराची तपासणी करताना घरच्यांना संकोच वाटतो, काही वेळा ती नको म्हणून सांगितलेही जाते. पण सर्वांत जास्त माहिती तिच्यातूनच मिळते. तिथे टाचणीचे टोक टोचल्यासारखे कळत असेल, तर पुढे पायांत हालचाल येण्याची आशा वाढते.

पहिल्या काही दिवसांत, क्वचित आठवड्यांपर्यंत, मज्जारज्जू सुन्न झालेला असतो; म्हणून पहिल्या दिवशीच्या तपासणीवरून शेवटचा निकाल मानू नये आणि काही आठवड्यांनी ती पुन्हा करून घ्यावी. तरीही ढोबळ अंदाज बांधता येतो. 'डी' श्रेणीतील बहुतेक जण चालतात. 'सी' मधील बरेच जण चालतात, आणि वय कमी असेल तर त्यांची शक्यता वाढते. 'ए' श्रेणी कायम राहिली तर रोजच्या व्यवहारापुरते चालू शकणारे थोडेच असतात. २०११ साली युरोपातील रुग्णांच्या नोंदींवरून एक सोपा नियम प्रसिद्ध झाला. त्यात पाचच गोष्टी पाहतात: वय ६५ च्या आत की पुढे, गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूचे गुण, पोटरीच्या स्नायूचे गुण, आणि मांडीवर गुडघ्याच्या वर व टाचेच्या बाहेरच्या कडेला हलका स्पर्श कळतो का. आपल्या फिजिओला या पाच गोष्टी विचारा. वर्षभरानंतरच्या चित्राचा बराचसा अंदाज त्यांतूनच येतो.

इथेच एक घोटाळा नेहमी होतो. पहाटे आईचा फोन येतो, "ताई, अंगठा हलला!" मी वॉर्डात जाते तेव्हा घरातले सगळे पलंगाभोवती उभे असतात, आणि चादर ओढली की अंगठा खरोखर वर उठतो. मी मुलाला डोळे उघडे ठेवून अंगठ्याकडे बघायला सांगते, "आता उचल" म्हणते, मग "आता थांबव" म्हणते. सांगितल्यावर उठला आणि सांगितल्यावर थांबला तरच ती त्याची स्वतःची हालचाल. चादर लागल्यावर, थंड हात लावल्यावर किंवा तळव्याला गुदगुली केल्यावर उठला, तर तो खालच्या मज्जारज्जूचा आपोआप होणारा झटका असतो. आईचा चेहरा उतरताना पाहणे सोपे नसते, पण हा फरक पहिल्या महिन्यातच समजला तर पुढच्या अनेक फसव्या आशा टळतात.

अंथरुणातले आठवडे

चालण्याची तयारी व्यायामशाळेत होते असे लोकांना वाटते. माझ्या मते ती अंथरुणात होते आणि अंथरुणातच वाया जाते. इंग्लंडमध्ये स्टोक मॅंडेव्हिल येथे लुडविग गुटमन यांनी १९४४ साली मज्जारज्जूच्या रुग्णांचा विभाग सुरू केला, तेव्हा असे बहुतेक रुग्ण बेडसोर आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने दगावत असत. गुटमन यांनी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णांची कूस बदलण्याची शिस्त लावली आणि ती पाळली जाते का हे ते स्वतः पाहत. आजही पहिली पायरी तीच आहे. माकडहाडावर एक जखम झाली की रुग्णाला कित्येक आठवडे, कधी महिने, बसवता येत नाही. आणि जो बसू शकत नाही तो उभा कुठून राहणार?

संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला रोज एक काम ठरवून घ्यावे. माकडहाड, दोन्ही खुबे, बसण्याची हाडे, टाचा आणि घोटे उजेडात पाहावेत. रुग्ण स्वतः पाहू शकत असेल तर त्याच्या हातात आरसा द्यावा किंवा मोबाइलवर फोटो काढून दाखवावा. लाल डाग दिसला तर त्यावर बोट दाबून सोडावे. दाबल्यावर पांढरा होऊन पुन्हा लाल झाला तर दाब काढला की तो जातो. दाबूनही पांढरा झाला नाही, तर जखमेची सुरुवात झाली आहे असे समजून तो डाग जाईपर्यंत त्या जागेवर अजिबात भार देऊ नये. एअर बेड घेतला म्हणजे कूस बदलायची गरज संपली, हा समज चुकीचा आहे.

सांध्यांचे काम दिवसातून एक-दोनदा, हळूहळू करावे. चालण्याच्या दृष्टीने दोन सांधे सर्वांत महत्त्वाचे. खुब्याचा सांधा पूर्ण सरळ झाला पाहिजे, कारण कॅलिपरवर उभा राहणारा माणूस कंबर थोडी पुढे टाकून खुब्याच्या पुढच्या बळकट अस्थिबंधांवर तोल धरतो. खुबा वाकडा राहिला तर हा तोल साधतच नाही. म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास पालथे झोपवावे. गुडघ्याखाली उशी ठेवण्याची आपल्याकडची प्रेमळ सवय मात्र मोडावी, कारण त्या उशीमुळे गुडघे आणि खुबे महिन्याभरात आखडतात. दुसरा सांधा घोट्याचा. पाऊल खाली पडलेले राहिले तर टाच जमिनीला टेकत नाही, म्हणून झोपताना पाऊल काटकोनात राहील असा स्प्लिंट लावावा आणि टाच हवेत ठेवावी.

मालिश आणि शेक याबद्दल स्पष्टच लिहिते. ज्या पायाला संवेदना नाही त्याला गरम पाण्याची पिशवी, गरम तेल किंवा विटेचा शेक देऊ नये. भाजलेले कळत नाही, आणि भाजल्याच्या जखमा घेऊन आलेले रुग्ण मी अनेकदा पाहिले आहेत. एका पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागली, तर ती चोळू नये. शिरेत रक्ताची गाठ असू शकते आणि चोळल्याने ती फुप्फुसात जाऊन जीव धोक्यात येतो. अशा वेळी सरळ दवाखाना गाठावा. पाय आखडला म्हणून जोर लावून वाकवणेही घातक आहे. हालचाल नसलेल्या पायांची हाडे पहिल्या वर्ष-दोन वर्षांत ठिसूळ होत जातात, आणि मांडीचे हाड मोडले तरी रुग्णाला दुखत नाही.

लघवीबद्दल थोडक्यात. कायमची नळी काढून दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळीने मूत्राशय रिकामे करण्याची पद्धत लवकर शिकून घ्यावी आणि एका वेळी साधारण ५०० मिलिलीटरपेक्षा जास्त लघवी साचू देऊ नये. ताप येऊन आठवडा गेला की पायांनी मिळवलेली ताकदही ओसरते. शौचाची वेळ रोज एकच ठेवावी, म्हणजे सरावाच्या मध्येच फजिती होत नाही. या फजितीला घाबरून सराव सोडणारे रुग्ण आळशी नसतात, त्यांना फक्त वेळापत्रक हवे असते.

बसणे

कित्येक आठवडे आडवा असलेला माणूस एकदम उठवून बसवला तर त्याचा रक्तदाब कोसळतो, विशेषतः इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल तर. यासाठी टिल्ट टेबल वापरतात. रुग्णाला सपाट फळीवर पट्ट्यांनी बांधून फळी आधी ३० अंशांपर्यंत उभी करतात, पाच-दहा मिनिटे थांबतात आणि दिवसागणिक ७०-८० अंशांपर्यंत नेतात. पोटाला पट्टा आणि पायांना क्रेप बँडेज बांधले तर रक्त पायांत साचत नाही. चक्कर येतेय असे रुग्ण सांगतो तोपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो, म्हणून मी त्याच्या ओठांकडे पाहत असते. आधी तो जांभई देतो, मग बोलता बोलता गप्प होतो, ओठ पांढरे पडतात, कपाळावर घाम येतो. जांभई दिसली की फळी खाली घ्यायची आणि पाय उंच करायचे. असे पहिल्या आठवड्यात चार वेळा झाले तरी काळजीचे कारण नाही. शरीराला पुन्हा उभे राहण्याची सवय लागते.

यानंतर पलंगाच्या कडेला पाय सोडून, हातांचा आधार न घेता बसणे येते. समोर आरसा ठेवावा. आधी दोन्ही हात मांडीवर, मग एक हात वर, मग दोन्ही, मग कुणीतरी हळूच खांद्याला धक्का दिला तरी न पडणे, असा क्रम असतो. घरातील लोकांना हा भाग कंटाळवाणा वाटतो, "पायाचे काही करत नाही" अशी तक्रार येते; पण धड सावरले नाही तर पाय कितीही बळकट असले तरी पाऊल पडत नाही. याच काळात हात आणि खांदे कमवावेत: बसल्या जागी दोन्ही हातांवर भार देऊन नितंब उचलणे, पलंगावरून खुर्चीवर सरकणे. व्हीलचेअरवर बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे वाकून किंवा बाजूला कलून मिनिट-दोन मिनिटे बसण्याच्या हाडांवरचा भार काढावा. यासाठी मोबाइलचा गजर लावावा.

व्हीलचेअरबद्दल घरोघरी जो विरोध असतो तो मला पटत नाही. खुर्ची आणली म्हणजे चालण्याची आशा सोडली असे मानून ती ताडपत्रीखाली झाकून ठेवणारी घरे आहेत. माझा अनुभव उलटा आहे: ज्याला मापाची खुर्ची लवकर मिळते तो उपचार केंद्रात रोज येतो, अंगणात बसतो, माणसांत राहतो, आणि सरावाला त्याच्या अंगात त्राण उरते. वेल्लोरच्या डॉक्टर मेरी वर्गीस यांचे पाय १९५४ च्या अपघातात गेले, तरी त्यांनी व्हीलचेअरवर बसून कुष्ठरोग्यांच्या हातांच्या शस्त्रक्रिया केल्या आणि १९६६ साली तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये पुनर्वसनाची संस्था उभी केली.

उभे राहणे

उभे राहण्याचे दोन मार्ग आहेत आणि तपासणीचा कागद इथे उपयोगी पडतो. ज्यांच्या मांडीच्या स्नायूंना ३ किंवा जास्त गुण आहेत, त्यांच्यासाठी बसून उठणे हाच मुख्य व्यायाम. पलंगाच्या पायांखाली विटा ठेवून बैठक उंच करावी, पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत, आणि नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईपर्यंत वाकून मग उठावे. बहुतेक जण नेमके हेच चुकतात: मागे रेलून, हातांनी ओढून उठायला बघतात. दहा-दहाच्या तीन फेऱ्या आरामात जमू लागल्या की एक वीट काढावी. बसताना धप्पकन पडायचे नाही, सावकाश बसायचे. खाली बसण्यात स्नायूंना उठण्याइतकेच काम होते.

ज्यांच्या मांडीत ताकद नाही, त्यांना मांडीपासून पावलापर्यंतचे लांब कॅलिपर लागतात. त्यांच्या गुडघ्यापाशी दोन्ही बाजूंना कड्या असतात; पाय पूर्ण सरळ झाला की कडी खाली घसरते, बारीक 'टक्' असा आवाज येतो आणि गुडघा पक्का होतो. दोन्ही बाजूंचा आवाज ऐकल्याशिवाय भार द्यायचा नाही, हा नियम रुग्णाला आणि घरच्यांना मी सारखाच घोकून घेते. ढिल्या पँटचे कापड कडीत अडकून ती अर्धीच बसते आणि माणूस गुडघ्यात मोडून पडतो, असे मी पाहिले आहे. नवे कॅलिपर पहिल्या दिवशी वीस-तीस मिनिटेच घालावेत, आत बिनशिवणीचा मोजा असावा, आणि काढल्यावर लाल डागांची तीच बोटाची तपासणी करावी.

उभे राहण्याचा सराव पॅरलल बारमध्ये, म्हणजे हातांनी धरायच्या दोन समांतर दांड्यांच्या मध्ये, करावा. घरी सुताराकडून गुडघा, कंबर आणि छातीला पट्टे असलेली लाकडी चौकट करून घेता येते. तिची मापे मात्र फिजिओने द्यावीत. बरेच महिने उभे न राहिलेल्या माणसाच्या हाडांची तपासणी करून मगच सुरुवात करावी. पाय ताठरण्याचे प्रमाण थोडे असेल तर त्याला शत्रू समजू नये. तो ताठपणा कित्येकांना उभे राहताना मदत करतो. तो अचानक वाढला तर मात्र कारण शोधावे: लघवीचा संसर्ग, मांसात रुतलेले नख, घट्ट बूट, कुठेतरी सुरू झालेली जखम. झटक्यांसाठी दिलेली बॅक्लोफेनची गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नये, त्यातून गंभीर त्रास होऊ शकतो.

पावले

लांब कॅलिपर घालून कुबड्यांवर चालताना दोन्ही कुबड्या पुढे टाकून दोन्ही पाय एकदम झोकून आणावे लागतात. दिसायला ते वेगवान दिसते, पण त्यात श्रम साध्या चालण्याच्या कितीतरी पट होतात आणि खांदे झिजतात. म्हणून छातीच्या पातळीची पूर्ण ('ए' श्रेणीची) इजा असलेले बरेच जण हे कॅलिपर व्यायामापुरते ठेवतात आणि कामाला खुर्ची वापरतात. हा निर्णय त्या माणसाने स्वतः घ्यावा. घरच्यांच्या हट्टापायी दोन्ही खांदे गमावलेला माणूस खुर्चीसुद्धा चालवू शकत नाही.

अपूर्ण इजेत, म्हणजे इजेखाली काहीतरी शिल्लक असते तेव्हा, गोष्ट निराळी असते. मेंदूकडून येणारा निरोप अर्धवट असला तरी इजेखालच्या मज्जारज्जूला पावलांची लय ओळखता येते, फक्त पायांकडून योग्य खुणा त्याच्यापर्यंत पोचल्या पाहिजेत. म्हणून सरावात चार गोष्टी जपतात: भार जितका जमेल तितका पायांवर घेणे आणि हातांवर कमी, धड सरळ ठेवणे, मागचा पाय खुब्यातून पूर्ण मागे जाऊ देणे, आणि वेग फार मंद न ठेवणे. यासाठी वरून पट्ट्याने शरीर तोलून ट्रेडमिलवर चालवण्याची पद्धत आहे, आणि पाय हलवून देणारे स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेले लोकोमॅट यंत्रही आहे. यंत्र नाही म्हणून खंतावू नका. अमेरिका आणि कॅनडातील १४६ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अपूर्ण इजा असलेल्यांना १२ आठवडे ट्रेडमिलवर तोलून चालवणे आणि तितकाच वेळ जमिनीवर चालण्याचा सराव देणे, यांच्या परिणामांत फरक आढळला नाही. पावले किती टाकली यालाच महत्त्व आहे, आणि ती पॅरलल बारमध्येही टाकता येतात. पॅरलल बार, मग वॉकर, मग कोपराच्या कुबड्या, मग काठी, हा नेहमीचा क्रम. त्यातली पुढची पायरी फिजिओने सांगितल्यावरच घ्यावी. पाऊल घासत असेल तर घोट्याचा छोटा स्प्लिंट बुटात घालावा. त्याची लाज वाटून तो टाळणारे लोक पडून मनगट मोडून घेतात.

सर्वांत जास्त सुधारणा पहिल्या सहा-नऊ महिन्यांत होते, नंतर वेग मंदावतो आणि वर्ष-दीड वर्षाच्या पुढे ती फार थोडी राहते. म्हणून पहिल्या वर्षात उपचार केंद्राची एक वेळ चुकली तर ती घरी भरून काढावी.

पाठीत विद्युत उत्तेजक बसवून चालवण्याच्या बातम्या खऱ्या आहेत. २०१८ साली अमेरिकेतील लुईव्हिल आणि स्वित्झर्लंडमधील लोझान येथे जुन्या इजेचे काही मोजके रुग्ण असे उत्तेजक आणि दीर्घ सराव यांच्या जोरावर आधार घेऊन पावले टाकू लागले. तिथेही सराव महिनोन्‌महिने होता, हे बातमीत शेवटच्या ओळीत येते. मूळ पेशींच्या (स्टेम सेल) उपचाराबाबत मात्र सावध राहा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मज्जारज्जूच्या इजेवर मूळ पेशी हा मान्य उपचार नाही. तो केवळ मंजूर चाचणीतच देता येतो, आणि अशा चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. जमीन विकून अशी इंजेक्शने घेतलेले एक कुटुंब माझ्याकडे आले, तेव्हा मुलाचे दोन्ही घोटे आखडले होते, कारण त्या सात महिन्यांत कुणी त्याची पावले काटकोनात ठेवली नव्हती.

घर आणि एक धोक्याची खूण

घरी परतण्यापूर्वी दारांची रुंदी मोजा. खुर्चीसाठी ९० सेंटिमीटर असावी. उंबरठा एक फूट उंच असेल तर उतार बारा फूट लांब करा, त्याहून चढा उतार एकट्याने चढवत नाही. संडासात कमोड आणि दोन्ही बाजूंना गज लागतील. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्यासोबतचे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) लवकर काढून घ्यावे, साधने आणि सवलती त्यावरच मिळतात. मुंबईत हाजीअली येथे १९५५ पासून केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. तिथे डॉक्टर, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि कॅलिपर बनवणारे एकाच छताखाली भेटतात.

इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर असेल तर घरातील प्रत्येकाला ही खूण ठाऊक असावी: अचानक ठणकणारी डोकेदुखी, तोंड लाल होऊन घाम फुटणे आणि रक्तदाब नेहमीपेक्षा २०-४० ने चढणे. मूत्राशय किंवा आतडे तुंबले, किंवा कुठे काही टोचत असले तर असे होते. रुग्णाला ताबडतोब बसते करा, पाय खाली सोडा, पट्टा आणि कपडे सैल करा, नळी दुमडली आहे का ते पाहा आणि नळी नसेल तर घाला. एवढ्याने रक्तदाब उतरला नाही तर वेळ न घालवता दवाखान्यात न्या; झोपवून मात्र ठेवू नका.

चालणे सुरू झाले की सुधारणा नजरेने मोजू नका, कारण रोज पाहणाऱ्याला ती दिसत नाही. अंगणात किंवा ओसरीत १४ मीटरची सरळ जागा घ्या आणि दोन्ही टोकांना दोन-दोन मीटर सोडून खडूने दोन रेघा मारा. रुग्ण पहिल्या रेघेच्या मागून चालू लागेल. पाऊल रेघ ओलांडताच मोबाइलचे घड्याळ सुरू करा आणि दुसरी रेघ ओलांडताच थांबवा. वहीत तारीख, सेकंद आणि कोणता आधार होता एवढेच लिहा. महिन्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच बुटांत हे करा आणि पुढच्या भेटीला ती वही फिजिओकडे घेऊन जा.